शर्यतीच्या फोटोतला अक्कांचा भाऊ

मंडळी, रविवारी मी ग्रुपवर घोड्यांच्या शर्यतीचा फोटो टाकला होता, आठवतोय? स्वातंत्र्याच्या आधी माझ्या आजोबांनी सोनगीरच्या माळावर काढलेला. रुंद चौकट, धुळीचे लोट, उधळलेले घोडे. पुढच्या स्वाराने ऐन वेळी मान वळवली, म्हणून त्याचं तोंड पुसट आलंय. आपण सगळे त्या पुसटपणावरच फिदा झालो. ‘काय वेग पकडलाय!’ हे तर मीच लिहिलं होतं.

फोटो फिरत फिरत सोनगीरला पोचला. आज सकाळी तिथल्या नव्वदीच्या एक अक्का माझ्या धुळ्याच्या स्टुडिओत आल्या. पुढचा स्वार त्यांचा थोरला भाऊ. घोड्याच्या कपाळावरच्या पांढऱ्या टिळ्यावरून त्यांनी ओळखलं. शर्यत झाली त्याच हिवाळ्यात भाऊ तापाने गेला. त्याचा दुसरा फोटो नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर पुजतात, तिच्याशेजारी ठेवायला त्यांना त्याचा चेहरा हवा होता.

मी तेवढाच भाग मोठा करून दिला. घोड्याचे कान आले, लगाम आला, फेटा आला. फेट्याखाली नुसता पांढरा फराटा.

अक्कांनी तो पदराने पुसून पाहिला. दोनदा.

“घोडा बठ्ठा दिखस. मना भाऊ काबर नई दिखत?”

“अक्का, घोडा जोरात पळत होता ना.”

“घोडा माले याद शे, बाबा. भाऊनं तोंडच याद नई. म्हनीसन तं तुनाकडे उनू.”

मंडळी, आता परत सांगा. फोटो कसा आहे?