सीटची उंची

माझ्या सायकलची चाकं इतकी जाड आहेत, की ती पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हा शेजारणी "ट्रॅक्टरचं पिल्लू आलं" म्हणून हसल्या होत्या. मुलाने पुण्यात हौसेने घेतली, त्याची हौस फिटली आणि ती वडूजला आमच्या पडवीत येऊन पडली. बरेच दिवस तिच्यावर ओले टॉवेल वाळत होते. मग एकदा मी ती बाहेर काढली, कारण मला आईकडे जायचं होतं.

आई पलीकडच्या वाडीवर एकटी राहते. मेंढरं विकून टाकली, पण जागा सोडायला तयार नाही. वाडी तशी जवळ, पण मध्ये ओढा आहे आणि ओढ्यात नुसती वाळू. मोटरसायकल त्यात रुतते. नवऱ्याला वेळ असला तर तो लांबच्या पुलावरून वळसा घालून मला सोडायचा, आणि वेळ त्याला नसायचाच. माहेरी जायचं म्हणजे आधी त्याच्या तोंडाकडे बघायचं, ही सवय माझ्या अंगात मुरली होती. त्या जाड चाकांनी ती मोडली. हवा जरा कमी ठेवली की सायकल वाळूवरून डुलत डुलत पार व्हायची. मनात आलं की मी निघायचे. जाताना सांगायचे, पण विचारायचे नाही.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला. ओढ्यापलीकडच्या चढावर उतरून सायकल ढकलावी लागायची. एकदा अर्ध्या वाटेतून परत आले आणि पडवीच्या पायरीवर बसून रडले. नवरा सैन्यातून निवृत्त झालेला, उमेदीची सगळी वर्षं तिथे गाड्या दुरुस्त करण्यात गेलेली. त्याने सायकलभोवती एक चक्कर मारली, मागचं चाक उचलून फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "हिला मोटर बसवू. बॅटरीवर पळंल. रडतीस काय?"

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! नुसत्या माझ्यासाठी म्हणून त्याने काही करायचं ठरवलंय, असं त्याआधीचं एकही उदाहरण मला आठवत नव्हतं.

मोटर आणायला आम्ही दोघं सांगलीला गेलो. नवऱ्याने भडंग घेऊन दिलं, नदीच्या घाटावर बसून आम्ही ते खाल्लं. एरवी बाजारात माझ्या चार पावलं पुढे चालणारा माणूस त्या दिवशी शेजारून चालत होता. ही मोटर मागच्या चाकाच्या मध्यभागीच असते. अख्खं चाक मोटरसकट बदलायचं. घरी आणून बघतो तर ते बसेना. आणलेली मोटर साध्या सायकलच्या मापाची, आणि आमच्या या बयेची मागची फट कितीतरी रुंद. फौजी माणसाने माप न घेता खरेदी केली म्हणून मी त्याला भरपूर चिडवलं. दुसऱ्या खेपेला मीच सुतळीने फट मोजली, सुतळीला गाठ मारली आणि ती पर्समध्ये टाकून सांगलीला नेली.

मग पडवीत काम सुरू झालं. मी चाक धरायचे, तो पान्याने नट आवळायचा. बॅटरी मधल्या दांडीवर बसली, तिला कुलूप आणि चावी. वायरी दांडीला चिकटवून मी टेप गुंडाळली. पहिल्यांदा चालू केली तर चाक उलटंच फिरायला लागलं. आम्ही दोघंही पोट धरून हसलो. दोन वायरींची अदलाबदल केल्यावर ते सरळ झालं. ते दिवस खरोखर सुखाचे होते, आणि त्याचाच मला आज जास्त राग येतो.

शेवटी त्याने सीट वर उचलली. मी बसून पाहिलं तर पाय पेडलला जेमतेम लागत होते.

"आवं, एवढी उंच कशाला?"

"मोटर बसली की सीट वर घ्यावी लागती. वजन नीट बसतं."

मी मान डोलावली. हा माणूस वाढदिवस विसरेल, माहेरच्यांना नावं ठेवेल, पण गाडीबद्दल खोटं बोलणार नाही, अशी माझी पक्की खात्री होती.

पूजा करायची हे मात्र मीच काढलं. साध्या सायकलची पूजा कुणी करत नाही, पण मोटर बसली म्हणजे नारळ, लिंबू, हार झालाच पाहिजे, असं मलाच वाटलं. म्हसवडहून आणलेला सिद्धनाथाचा गुलालही काढून ठेवला होता. आमच्याकडे ट्रॅक्टर आला तेव्हा हेच झालं होतं, मोटरसायकल आली तेव्हाही. बाई ताट घेऊन ओवाळते आणि पुरुष गाडीवर बसतो. हे मला ठाऊक नव्हतं का? पण सायकल माझीच आहे म्हटल्यावर ते माझ्या डोक्यातच आलं नाही. मी दोन्ही हातांत ताट धरून उभी राहिले. धाकटा दीर इस्त्रीचा शर्ट घालून आला. मला वाटलं, नारळ फोडायला आला असेल. नवऱ्याने सायकलचं हँडल त्याच्या हातात दिलं. तो वर बसला. पाय पेडलला अगदी बरोबर पोचले.

"हे काय?" मी विचारलं.

नवरा लिंबू चाकाखाली ठेवत होता. वर न बघताच म्हणाला, "आता ती सायकल न्हाई, गाडी झाली. ह्याला वढ्यापल्याडच्या रानात पाणी सोडाय जायला लागती. तुला आईकडं जायचं असलं की त्यो सोडंल."

दिराच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. तो आनंदाने म्हणाला, "दादानं सांगलीला जायच्या आधीच सांगितलं हुतं मला, वहिनी. सीटबी माझ्या मापानं केलीया."

सांगलीला जायच्या आधी. म्हणजे घाटावर भडंग खाताना त्याला माहीत होतं. मी सुतळीला गाठ मारत होते, तेव्हाही माहीत होतं. नुसती सायकल घेतली असती तर मी भांडून मोकळी झाले असते. पण त्याने माझ्याच हातांनी ती दुसऱ्यासाठी तयार करून घेतली होती. माझा विश्वासघात झाला होता, आणि तो करणारा समोर खाली बसून लिंबू सारखं करत होता.

मी ताट पायरीवर ठेवलं. ओवाळायचं ताट असं न ओवाळता खाली ठेवत नाहीत. मी ठेवलं. चावी फिरवून बॅटरी काढली आणि नवऱ्याच्या हातात दिली. "ही तुमची गाडी. सायकल माझी हाय. उतरा, भावजी." दीर गडबडून उतरला. मी सीटची कळ सैल केली, सीट खाली दाबली आणि निघाले. पाठीमागून नवऱ्याचा आवाज आला, "जाऊ दे. दमली की ईल परत."

दमले तर मी होतेच. मोटरमुळे सायकल दगडासारखी जड झालेली. वाळूत ढकलली, चढावर ढकलली. हार हँडलला तसाच लोंबत होता. आईने चाकावरचा गुलाल पाहिला आणि विचारलं, "आज कसला सण गं?" तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी हमसून रडले.

त्यानंतर नवरा रोज संध्याकाळी बॅटरी चार्ज करून उंबऱ्यापाशी ठेवायला लागला. चुकलं असं मात्र तोंडाने म्हणाला नाही, अजूनही म्हणत नाही. दीर मोटरसायकलवर पुलाकडून रानात जातो. बरेच दिवस मी बॅटरीला हात लावला नाही. शेवटी गुडघ्यांपुढे माझं काही चालेना. आता चढावर उतरावं लागत नाही, आणि मोटर झकास आहे हे मी कबूल करते. नवरा विचारतो, "चालती ना नीट?" मी "व्हय" म्हणते.

पण निघण्याआधी मी रोज सायकलजवळ उभी राहते आणि सीट माझ्या कमरेशी येते का ते बघते. त्याच्यासमोरच बघते. मगच चावी लावते.