बिनशेपटीचं विमान
अक्षर वाईट आहे, चुकाही होतील. मी चौथीच शिकले. आज शेजारी सुताराने सरस शिजवला, त्या वासाने ते साल आठवलं, कापूस मातीमोल भावाने गेला होता ते. कापसातली सरकी काढायची जिनिंग गिरणी बंद होती. तिथला फिटर, माझा भाऊ, छातीच्या दुखण्याने घरीच होता. रद्दीतल्या चित्रावरून तो आरमाराचं जुनं जेट विमान सावरीच्या लाकडात कोरायचा. सरस वाळेपर्यंत मी पंख धरायची. बाबा म्हणायचे, "याले शेपूट कायले नाही?" भाऊ सांगायचा, "ते तसंच होतं, बाबा." "शेपटीबिगर पाखरू तरी उडते का?" विमान पूर्ण झालं आणि आठवड्यात भाऊ गेला. मला रडू आलं नाही. तेरवीनंतर बाबांनी सागाचं शेपूट कोरून आणलं. "पोराचं काम अर्धं राह्यलं. धर, बाई." सरस वाळेपर्यंत मी ते धरून बसले. आता बाबाही नाहीत. विमान माझ्याकडे आहे, शेपूट अजून घट्ट आहे.