मला घेता येईल असं नाव

कुरखेड्याकडच्या आमच्या गावात सुनेनं सासरच्या थोरांचं नाव तोंडानं घ्यायचं नसे, आणि अर्धं गाव आमच्या सासरच्या नात्यातलं. पहिली लेक झाली तेव्हा मी हट्टच धरला. नाव तीन अक्षरी हवं आणि गावात कोणाचंच नको. नाहीतर पोटच्या पोरीला हाक मारायची मलाच चोरी!

नणंद रोज नवं नाव सुचवायची. एक मोठ्या जावेचं निघालं, दुसरं चुलतसासूचं. तिसरं मला फार आवडलं, तर ते मामेसासूचं!

"वयनी, तुले पोरगी नाई, पंचाईत झाली," ती म्हणाली.

शेवटी माहेरी चांद्याला कीर्तनात ऐकलेलं एक नाव आठवलं. गावात ते कोणाचंच ऐकलं नव्हतं. बारशाआधी नाव फोडायचं नाही, म्हणून फक्त नणंदेला सांगितलं.

बाराव्या दिवशी तिनं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं आणि खणखणीत आवाजात नाव पुकारलं.

"ओ!" कोपऱ्यातून आवाज आला. "कोण बलावून राह्यलं मले?"

सासूबाईंच्या सासूबाई घुगऱ्या चघळत बसल्या होत्या. लेकरं त्यांना माय म्हणत, नातवंडं आजी, सुना आत्याबाई. त्यांचं नाव कोणी घेतच नव्हतं, म्हणून तर ते मला दुर्मीळ वाटलं! सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला.

मी नाव बदलायला निघाले, तर म्हातारी हटून बसली. "राहू दे. माहेर सुटल्यापासून आज आयकलं."

लेकीला मी अजून 'ए पोरी' म्हणते. नणंद मात्र तिला नावानं हाक मारायची, आणि लेकीच्या आधी कोपऱ्यातून ओ यायची.