डोक्यावरून उचललेला कान

भरल्या हॉलात डॉक्टरसाहेबांनी माझ्या डोक्यावरून माझा कान उचलला आणि लोकांना दाखवला.

कान म्हणजे कॉइल. रुपयाएवढी चकती, वायरीनं कानामागच्या यंत्राला जोडलेली. ऑपरेशन करून कातडीखाली जे बसवलंय, त्याला ती बाहेरून चुंबकानं चिकटते. चिकटली की जग चालू. निघाली की बंद. हळूहळू नाही. बंद.

सदर भागातलं मोठं हॉटेल, कानाच्या डॉक्टरांची परिषद. मी स्टेजवर, कडक इस्त्रीच्या शर्टात. मागे पडद्यावर माझ्या श्रवणाचा आलेख. साहेबांनी माझी चकती दोन बोटांत धरली आणि माइकवर काहीतरी बोलले. लोक हसले. मला नुसते दात दिसले. वाटलं, कौतुक चाललंय आपलं. मी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, "धन्यवाद." हॉल आणखी हसला. म्हणून मी पुन्हा म्हणालो. टाळी मिळाली की कलाकार थोडाच थांबतो.

चकती परत लागली. शाल मिळाली, नारळ मिळाला. मी छाती काढून खाली उतरलो.

पहिल्या रांगेत वंदनाताई बसल्या होत्या, शेजारी त्यांची लहानगी परी. मूळच्या उमरेडच्या. त्यांच्या घरी पूर्वी हातमाग होता, जसा आमच्याकडे. आता ताई प्रताप नगरात लोकांकडे स्वयंपाक करतात. परी जन्मापासून बहिरी. साहेबांच्याच संशोधनात तिलाही यंत्र बसलं. दोघींना परिषदेला मीच आणलं होतं. "काही नाही वं ताई, नमस्कार करायचा, जेवायचं अन् घरी यायचं. गुलाबजामबी रायतेत तिथं."

ताई माझ्याकडे तोंड वळवून, ओठ नीट हलवत बोलल्या. तसं बोललं की मला सोपं जातं.

"भाऊ, तो काय बोलला, समजलं का तुमाले?"

"कौतुक करून राहिले होते."

"तो बोलला, आता याले कितीबी शिव्या द्या, हा धन्यवादच म्हणन."

शाल मानेला टोचायला लागली. तरी मी म्हणालो, "मस्करी केली असन. साहेब आपलेच आहेत."

"तुमची मस्करी झाली, तुमी हसले. तुमचं तुमी पाहा."

साहेब आपले कसे, ते सांगतो. मी मिहानमधल्या एका गोदामात माल उतरवायचो. मेंदूज्वर झाला. तापातून उठलो तर बायकोचे ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. पाठीमागून येणारी गाडी ऐकू येत नाही, असा माणूस गोदामात कोण ठेवील? नोकरी गेली. साहेबांना संशोधनाला माणसं हवी होती. यंत्र बसवून घ्यायचं आणि पुढे वर्षानुवर्षं आपलं ऐकणं मोजू द्यायचं. यंत्र फुकट. त्या फुकट शब्दानं माझी मान वाकली ती वाकलीच.

मोजायची खोली म्हणजे फ्रीजच्या आत बसल्यासारखं. बारीक टूं ऐकू आलं की बोट वर करायचं. आलेख चांगला यावा, साहेबांना बरं वाटावं, म्हणून मी उगीचच बोट वर करायचो. काचेपलीकडच्या मॅडम एकदा म्हणाल्या, "दादा, मी अजून सुरूच केलं नाही." असा मी.

बहिऱ्याला एक कला न शिकवता येते. मान डोलावण्याची. समोरचा काय बोलला कळलं नाही की हो म्हणायचं. परत विचारलं तर तो वैतागतो. एका लग्नात कोणीतरी काहीतरी विचारलं, मी हो म्हणालो, आणि नवरीला मंडपात आणायला मामा म्हणून मलाच पुढे ढकललं. खरा मामा चपला घालून निघाला होता. यंत्र आल्यावरही ही खोड गेली नाही. गर्दी असली, ताटं वाजत असली की शब्दांचा नुसता काला होतो. परिषदेच्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या रांगेतही साहेबांनी मला काहीतरी विचारलं. चमचे, बशा, शंभर तोंडं. मी मान डोलावली. त्यांनी पाठ थोपटली.

आता स्टेजवरून परीचं नाव पुकारलं गेलं. एक मदतनीस बाई आली आणि तिला हाताला धरून घेऊन गेली. ताई उभ्या राहिल्या.

"काहून नेऊन राहिले तिले? मले कोणी विचारलं?"

साहेब माइकवरून गोड आवाजात म्हणाले, "आई, काळजी करू नका. तुमची हरकत नाही ना, हे मी सकाळीच भाऊंना विचारलंय. ते हो म्हणाले."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. सकाळी मी कशाला हो म्हणालो होतो, ते मला तेव्हा कळलं.

तरी मी उठलो नाही. मनात हिशेब चालू होता. वायर तुटली तर नवी कोण देईल? बॅटरी कोण देईल? साहेब रागावले तर माझं जग बंद. माझा हिशेब होईपर्यंत साहेबांनी परीची चकती काढली, यंत्रासकट.

परीचा हात डोक्याकडे गेला. तिथं काही नव्हतं. साहेबांनी यंत्र उंच धरलं, मागच्यांनाही दिसावं म्हणून. परी ते घ्यायला उड्या मारायला लागली. मग ओरडली. स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता तिला, म्हणून फार मोठ्यानं. आणि हॉल हसला. मघाचे तेच दात. या वेळी मला आवाजासकट मिळाले.

मी उठलो. शाल पायात आली, पायरीवर गुडघे आपटले. बंड करायला निघालेला माणूस रांगत स्टेजवर पोचला.

"सर, द्या ते. तिचं आहे."

"एक मिनिट, डेमो चाललाय."

"द्या."

मी त्यांच्या हातातून यंत्र घेतलं, खाली बसलो आणि परीला लावलं. तिनं दोन्ही हातांनी डोकं दाबून धरलं. माझ्या पाठीमागे साहेब माइक बाजूला करून मदतनीस बाईला म्हणाले, "फुकट दिलं की हे लोक माजतात."

हळू आवाज. पाठीमागून. एसीच्या घरघरीत. मोजायच्या खोलीत इतकं बारीक मला कधीच जमलं नव्हतं.

मी वळलो. "सर, ऐकू आलं मला."

गोष्ट इथंच थांबवली तर मी हिरो ठरतो. तसं नाही. हॉटेलच्या दारात ताईंना म्हणालो, "चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "मी नाही म्हणणार होती. मले विचारलं असतं त नाहीच म्हटलं असतं. तुमी मायं तोंडच घेऊन टाकलं, भाऊ." आणि ऑटोत बसल्या.

तेव्हापासून परी डोक्याला कोणाला हात लावू देत नाही. आई वेणी घालायला आली तरी एक हात चकतीवर. मोजायच्या खोलीत शिरत नाही, दारातच पाय रोवते. मोजल्याशिवाय यंत्राचा आवाज तिच्या कानाला जुळवता येत नाही. बोलणं शिकायचं वय आहे ते, थांबत नाही. मी जातो त्यांच्याकडे. ताई चहा देतात आणि तोंड फिरवून कामाला लागतात. परी मला पाहिलं की आईच्या मागे जाते.

घरचे म्हणाले, सोड ते संशोधन. का सोडू? यंत्र मी उपकार म्हणून घेतलं, तीच चूक होती. मी माझं ऐकणं त्यांना मोजू दिलंय, त्यावर त्यांचे आलेख उभे आहेत. ही देवाणघेवाण आहे. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. ते म्हणाले, "झालं गेलं विसरा."

मी म्हणालो, "यापुढे स्टेजवर कोणाचीही चकती निघणार नाही. परवानगी ज्याचं डोकं त्याची. लेकरू असेल तर आईची, शांत खोलीत, समोर बसून. आणि परीला मोजायला मॅडम तिच्या घरी जातील. ती हात काढेल तेव्हाच मोजतील."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"पुढच्या परिषदेत मी माइकवर येऊन सांगीन, तुम्ही काय बोलले ते. दोन्ही वेळचं."

साहेबांनी फोन उचलला आणि त्यात पाहायला लागले. मी त्यांच्या उत्तरासाठी थांबलो नाही.

परीनं चकतीवरचा हात अजून काढलेला नाही. पुढची परिषद हिवाळ्यात आहे. मी जाणार.