वाघाचा बारावा फोटो

फुकट फोटो काढूनही अख्ख्या गोतावळ्याचा राग ओढवून घ्यावा तो आमच्या भाऊजींनीच. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. साठ सालच्या आगेमागे पांढरकवड्याला कापसाच्या जिनात कारकून, आणि सुटी मिळाली की केळापूर तालुक्याच्या जंगलात. लग्नकार्यात ते हौसेने कॅमेरा घेऊन येत. पण रोलवर फोटो निघत बारा, आणि बारावा ते कुणालाही देत नसत. "हा वाघाचा हाय," म्हणायचं आणि कॅमेरा बंद करायचा. माझ्या लग्नात अकरा संपले तेव्हा सासूबाई नुकत्याच पदर सावरून उभ्या राहिल्या होत्या. त्या वर्षभर भाऊजींशी बोलल्या नाहीत. वाघ काही भेटत नसे, आणि बारावा दर वेळी कोराच धुऊन यायचा.

जंगलात जायच्या आधी ते साबण आणि कांदा दोन्ही सोडत, कारण जनावरांना वास लागतो. आम्हालाही लागायचा, ताई त्यांचं ताट ओसरीत वाढायची. एकदा तिच्या लोणच्याच्या बरणीत अस्वलाची विष्ठा निघाली. तिने कपाळाला हात लावला, तर हे म्हणतात, "नुसत्या बोराच्या बिया हायेत त्यात, पाह्य तरी." चितळं माणूस दिसला की पळतात, पण चरणाऱ्या बैलाकडे ढुंकूनही पाहत नाहीत, हेही त्यांनीच हेरलं. मग ते बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या नायकणीचा हिऱ्या बैल मागून न्यायचे आणि त्याच्या कुशीआड वाकून चितळांच्या जवळ जायचे. एका उन्हाळ्यात मीही सोबत होतो. कासरा हातात देताना नायकण म्हणाली, "भाऊ, नेला तसाच आणून देजा. पेरणी तोंडावर हाय, मायाजवळ दुसरा बैल नाही."

नाल्यातल्या डोहावर चितळं पाणी पीत होती. भाऊजींनी अकरा फोटो काढले आणि सवयीने थांबले. तेवढ्यात एका मादीने कुकारा दिला आणि सगळी चितळं उधळली. हिऱ्याचे कान ताठ झाले. पलीकडच्या काठावर, वाळल्या गवतात वाघ उभा होता. चितळं बैलाला भीत नाहीत हे भाऊजींना पक्कं ठाऊक होतं. वाघाला बैल आवडतो, हे एवढ्या वर्षांत त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

वाघ आमच्याकडे पाहतही नव्हता. त्याची नजर हिऱ्यावर होती. भाऊजींचा कॅमेरा गळ्यात लोंबत होता, त्याला दोन हात लागत, आणि दोन्ही हातांत आता बिथरलेल्या हिऱ्याचा कासरा होता. मी त्यांची बाही ओढली. कसंबसं म्हणालो, "भाऊजी, सोडा त्याला. झाडावर चढू."

"सोडू कायले? धावला का मेला," ते हळूच म्हणाले. "नायकणीले काय तोंड दाखवू?"

त्यांनी कासऱ्याचा वेढा मुठीला घेतला. मला त्यांचा भयंकर राग आला. वाघ दोन पावलं पुढे आला आणि दबला. "मांगं चाल राजा, मांगं," भाऊजी बैलाशी बोलत एकेक पाऊल मागे सरकत होते. हिऱ्याने हिसडा दिला, भाऊजींचं कोपर कॅमेऱ्यावर आदळलं आणि खट्ट झालं. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. आम्ही चढण चढून गाडीवाटेला लागलो, तेव्हा कुठे वाघ गवतात मिसळून गेला.

नायकणीने हिऱ्याच्या अंगावरून हात फिरवून पाहिला. "एवढा घामेजला काहून?" तिने विचारलं. "घाम माया हाय, माय," भाऊजी म्हणाले आणि तिच्या दारातच बसले.

बाराव्या फोटोत वाघ नव्हता. हिऱ्याची मान, ताठलेले कान आणि कासरा आवळून धरलेली एक मूठ, एवढंच आलं होतं. पुढे ते बारावा फोटो माणसांचा काढू लागले. पहिला मान सासूबाईंना मिळाला.

भाऊजी गेले तेव्हा आम्ही त्यांचा फोटो शोधायला बसलो आणि लक्षात आलं, सगळ्यांचे फोटो यांनीच काढलेले, यांचा कुणीच काढला नाही. ताई उठली, भिंतीवरचा हिऱ्याचा फोटो काढून पाटावर ठेवला आणि त्याला हार घातला. भेटायला आलेली माणसं बैलाकडे पाहून गोंधळत. ताई कुणालाच काही समजावून सांगत नसे. फक्त रोज सकाळी त्या काचेवरून पदर फिरवायची, मुठीपाशी जरा जास्त वेळ.