बाबांचा पंचम

बाबांची बोटं आता आखडत चालली आहेत, म्हणून त्यांच्याकडून एक भजन डिजिटल पियानोवर वाजवून साठवून घेतलं. जुन्या पेटीची पंचमाची पट्टी अडकायची, त्यामुळे ती दोनदा दाबायची त्यांना सवय. ती इथेही आलीच. पियानोच्या छोट्या पडद्यावर शोधून शोधून मी ते जादा सूर पुसले आणि त्यांना ऐकवलं.

"छान वाजवतोय. कोण गं हा?"

"बाबा, तुम्हीच!"

"छे, हा माझा हात नाही."

पुसलेले सूर परत आणले, तर म्हणाले, "हे चुकलंय की!"

आता कुठलं ठेवू? चूक पुसताना बाबाच पुसले जातात की काय? मी पुन्हा स्वच्छ केलेलं भजन लावलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते, आणि मांडीवर त्यांचं बोट प्रत्येक पंचमाला दोनदा पडत होतं.