पास्कलची डिश आणि मोनीमावशीची माळ

किस्से कोणी ठरवून जमवत नाही हो. सिंकमधल्या भांड्यांसारखं असतं ते. आपण जरा दुसरीकडे बघावं, तोवर ढीग झालेला! आमच्या कॅम्पिंगच्या किश्शांचा असाच ढीग झालाय, आणि त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या पास्कलचे आहेत. दर ख्रिसमसला कोणीतरी विषय काढतं. फ्लोरी म्हणते, "पुरे झालं आता!" आणि पुढचा किस्सा तीच सुरू करते.

पास्कल मूळचा वसईचा, आता इकडे परदेशात मार्कहॅमचा. फ्लोरी त्याची बायको आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण. मी आणि माझा नवरा बावतीस त्यांच्या मागच्याच स्ट्रीटवर राहतो. पास्कलला उन्हाळ्यात आरव्ही घेऊन जंगलात जायचा भयंकर नाद. मला विचाराल तर, चांगलं बेसमेंटसकट घर सोडून चाकांवरच्या डब्यात झोपायला का जायचं, हे मला आजही कळलेलं नाही. पण गाडी निघाली की पुढच्या सीटवर मीच!

अडचण एकच होती. पास्कलची आई, मोनीमावशी, वसईत एकटी. हा एकुलता एक. वडील गेल्यापासून रोज रात्री आठला, म्हणजे आमच्या सकाळी साडेदहाला, मायलेक व्हिडिओ कॉलवर रोझरीची माळ म्हणायचे. शेजारची सून मावशीला फोन लावून द्यायची आणि आपल्या घरी जायची. प्रत्येक मण्याला अर्धी प्रार्थना मावशीची, उरलेली अर्धी उत्तरादाखल पास्कलची. पलीकडून उत्तर ऐकू आलं नाही तर मावशी पुढच्या मण्यावर जायची नाही. आणि माळ पुरी झाल्याशिवाय जेवायची नाही. त्यात तिला डायबेटिस! म्हणजे इकडे नेट गेलं की तिकडे ताट झाकलेलं आणि साखर खाली. "आधी जेवून घ्या" हे डॉक्टरांनी सांगून झालं, फादरांनी सांगून झालं. मावशी ऐकेल तर शपथ!

*

पहिल्या ट्रिपला आमच्याकडे इंटरनेटची डिश नव्हती. कॅम्पग्राउंडवर मोबाईलला एक काडी सिग्नल नाही. मग रोज सकाळी आम्ही सगळे गाडीत बसून जवळच्या गावातल्या कॉफीच्या दुकानाबाहेर जायचो. तिथलं फुकटचं वायफाय पार्किंगपर्यंत यायचं. काचा वर, माना खाली, हातात माळा, आणि डॅशबोर्डवर मोनीमावशी.

तिसऱ्या दिवशी एका गोऱ्या आजीबाईंनी काचेवर टकटक केलं. डोळ्यांत पाणी. पास्कलने काच खाली केली. आजीबाई म्हणाल्या, "आय अ‍ॅम सो सॉरी फॉर युअर लॉस," आणि डोनटचा अख्खा डबा आत दिला!

आता काय सांगणार? पास्कलने अत्यंत गंभीर चेहऱ्याने "थँक यू, मॅम" म्हटलं आणि काच वर केली.

फोनमधून मावशी विचारतेय, "कोण गेलं रे?"

"कोणी नाही, आये. डोनट आले."

*

पुढच्या उन्हाळ्याआधी पास्कलने पोर्टेबल सॅटेलाइट इंटरनेट घेतलं. ही गोष्ट दोन हजार सोळा-सतराच्या सुमाराची. आतासारखं बटण दाबलं की झालं, असा प्रकार नव्हता तेव्हा. तीन पायांचा स्टँड, त्यावर परातीपेक्षा मोठी डिश, एक मोडेम, आणि सिग्नल सापडला की पीं पीं करणारं एक यंत्र. डिश दक्षिणेला नेमक्या कोनात लावायची. केसभर इकडेतिकडे झालं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"मला शिकवू नका," पास्कल म्हणाला. "वसईत अर्ध्या गावाच्या गच्चीवर टीव्हीच्या डिश मी लावल्यात!"

आणि ते खरं होतं. पण तीच तर गोम! वसईत सॅटेलाइट जवळजवळ डोक्यावर असतो, तिथली डिश मान वर करून बघते. इथे उत्तरेला तो पार खाली, झाडांच्या शेंड्यांना टेकलेला. पास्कलच्या हाताला वसईची सवय. त्याने पुस्तिका न उघडता डिश सरळ आभाळाकडे लावली आणि सकाळभर डावीकडे-उजवीकडे फिरवत बसला. यंत्र ढिम्म! फ्लोरी म्हणाली, "अहो, पुस्तिका बघा तरी." हा म्हणाला, "बघतो," आणि पुन्हा डिश फिरवली.

शेजारच्या आरव्हीतले रिटायर्ड आजोबा खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. उठून आले, डिश जिकडे बघत होती तिकडे बघितलं आणि म्हणाले, "सन, आर यू लुकिंग फॉर द इंटरनेट ऑर फॉर गॉड?"

पास्कलने घाम पुसला. म्हणाला, "बोथ, सर!"

आजोबांनी मग डिशची मान खाली केली. त्या दिवशी मावशी सव्वादहाला जेवली, म्हणजे तिच्या रात्री. संध्याकाळी पास्कल पुस्तिका घेऊन बसला तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचूनच उठला.

*

लोक कॅम्पसाइट बुक करताना काय मागतात? लेक व्ह्यू. सावली. पास्कलने पुढच्या वेळी पार्कच्या ऑफिसला फोन करून विचारलं, "तुमच्याकडे अजिबात झाडं नसलेली साइट कुठली?"

तिकडची मुलगी गोंधळली. "सर, यू वॉन्ट नो ट्रीज?"

"नॉट वन! दक्षिणेला तर बिलकुल नकोत."

मिळाली. कोणालाच नको असलेली, ऐन उन्हातली. का नको होती ते पोचल्यावर कळलं. शेजारीच डम्पिंग स्टेशन! म्हणजे कॅम्पग्राउंडवरची यच्चयावत आरव्ही आपल्या वॉशरूमची टाकी जिथे रिकामी करते ती जागा. फ्लोरी नाकाला ओढणी लावून बसली. मी बावतीसला म्हटलं, "मला आत्ताच्या आत्ता घरी सोड."

पास्कलच्या यंत्राने पाच मिनिटांत पीं पीं केलं. काय फुलला होता त्याचा चेहरा! "दक्षिण बघा कशी मोकळी आहे!"

"आणि हा वास?" फ्लोरी ओरडली.

"तो व्हिडिओत जात नाही!"

*

डिश लागली म्हणजे सगळं झालं असं नाही. आवाज वर सॅटेलाइटपर्यंत जाणार, खाली येणार, मग भारतात जाणार. मावशीने तिची अर्धी प्रार्थना संपवली की पास्कलचं उत्तर तिला बऱ्याच उशिराने ऐकू यायचं. ती बिचारी थांबायची, कंटाळायची, आणि नेमकं उत्तर पोचायच्या क्षणी विचारायची, "झोपलास काय रे पास्कू?" मग तो मणी बाद. पुन्हा पहिल्यापासून!

पास्कलची मुलगी निकोल म्हणाली, "डॅड, इट्स कॉल्ड लॅग. जस्ट स्टार्ट अर्लियर."

पास्कलला पटलं. मावशीची प्रार्थना संपायच्या आधीच आपण सुरू करायचं, म्हणजे तिला वेळेवर पोचेल! बावतीस चर्चच्या क्वायरमध्ये होता, म्हणून त्याला समोर उभं केलं. त्याने बोट खाली केलं की आम्ही सगळ्यांनी "पवित्र मरिये" सुरू करायचं. दोन दिवस रिहर्सल चालली. आजूबाजूचे लोक कायाक घेऊन चाललेत आणि आम्ही एका बोटाकडे बघत उभे!

पहिले काही मणी झकास गेले. मग नेट अचानक चांगलं झालं आणि आमचं उत्तर मावशीची अर्धी प्रार्थना संपायच्या आधीच पोचायला लागलं.

"एवढी घाई कसली रे?" मावशी कडाडली. "देवाशी बोलताय की लग्नाला उशीर होतोय?"

मग पास्कलने घाई सोडली आणि मावशीने विचारणं सोडलं. दोघं एकमेकांसाठी थांबायला शिकले. माळेला दुप्पट वेळ लागायला लागला, एवढंच.

*

बावतीसच्या ऑफिसातला कुलकर्णी एका ट्रिपला आला तो कायमचाच आला. एकटा माणूस, शाकाहारी. आमच्या मासळीच्या कढईपासून लांब बसायचा, पण डिशचा स्टँड धरायला पहिला. वारा असला की डिश हलायची आणि कुलकर्णी खांबासारखा उभा राहायचा. हळूहळू त्यालाही उत्तर पाठ झालं. उभ्याउभ्या म्हणायचा.

एके दिवशी माळ संपली, सगळे आमेन म्हणाले, आणि कुलकर्ण्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "मंगलमूर्ती..."

सगळे गार! कुलकर्णी तर जमिनीत जायचा बाकी राहिला.

लॅग संपला. मग मोनीमावशीचा खणखणीत आवाज आला, "मोरया!"

*

हा किस्सा लहानसा आहे. थँक्सगिव्हिंगच्या ट्रिपला ओला बर्फ पडला आणि डिशवर बसला. बर्फ बसला की सिग्नल जातो. फ्लोरीने कालथ्याने डिशवरचा बर्फ शोव्हल केला. मग कोणीतरी सांगितलं की डिशला तेल लावलं तर बर्फ घसरतो. फ्लोरीने घरचं खोबरेल तेल चोपडलं.

सकाळी उठून बघतो तर डिशवर रॅकूनच्या छोट्या छोट्या पंजांचे ठसे, आणि डिशचं तोंड आमच्या दाराकडे! पास्कल डोकं धरून बसला.

फ्लोरी म्हणाली, "चाटून लख्ख केलीय हो. मला पुसावी लागली नाही."

*

आता शेवटचा. हा कोणी काढला की कोणी हसत नाही, पण काढतात मात्र सगळे.

आम्ही लेक सुपिरियरच्या काठावर होतो. पार आडबाजूला, मोबाईलला नेटवर्क मिळायचं तर दोन तास गाडी चालवायची. त्याच आठवड्यात मावशीला स्वयंपाकघरात चक्कर आली होती. साखर फार खाली गेलेली. शेजारच्या सुनेने सांगितलं तेव्हा पास्कल ट्रिप कॅन्सल करायला निघाला होता. मावशीनेच ऐकलं नाही. "पोरं हिरमुसतील. जा तू."

सकाळी साडेदहाला कॉल लागला. मावशी घरातल्या आल्तारासमोर बसलेली, मेणबत्ती पेटलेली. जरा वाळल्यासारखी वाटली मला. पहिल्या रहस्याचे, म्हणजे माळेच्या पाच भागांतल्या पहिल्या भागाचे, तीनचार मणी झाले असतील, आणि लेकवरून वाऱ्याचा असा झोत आला की कुलकर्णी स्टँडपर्यंत पोचायच्या आत डिश उताणी! फोनवर मावशीचा चेहरा गोठला, तोंड अर्धवट उघडं. मग तोही गेला. मोडेमचा लाल दिवा तेवढा राहिला.

फ्लोरी म्हणाली, "आता ती बसून राहील हो. उपाशी."

पास्कलने पाना उचलला. "कोणी थांबू नका," तो म्हणाला. "आपण थांबलो तर तीही थांबेल. चालू ठेवा!"

असं कसं चालू ठेवायचं, हे कोणी विचारलं नाही. त्याचा चेहराच तसा होता. तो डिशचे बोल्ट फिरवत होता आणि मोठ्याने माळ म्हणत होता. मावशीची अर्धी प्रार्थना मनात म्हणायचा, ती जेवढा वेळ घेते तेवढा वेळ गप्प राहायचा, आणि मग आपली अर्धी म्हणायचा. आम्हीही त्याच्याबरोबर. कुलकर्णी दोन्ही हातांनी स्टँड धरून वाऱ्यात उभा, तोही म्हणतोय. निकोलसुद्धा आली. तिला मराठीत फारसं येत नाही, पण हे येत होतं. डिशचा दांडा वाकला होता, कोन काही केल्या बसेना. पास्कलच्या बोटाचं साल निघालं, त्याचं त्याला भान नव्हतं. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. वाटलं, देवा, हा माणूस काय एवढा हट्ट करतोय! ऐकायला आहे कोण तिकडे?

पाचही रहस्यं झाली. आमेन झालं. दिवा लालच.

"दोन तास तर दोन तास, मी गाडी काढतो," बावतीस म्हणाला. पास्कलने नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा पाना लावला. कितीतरी वेळाने त्या यंत्राने एकदाचं पीं केलं. दिवा हिरवा झाला. पास्कलने कॉल लावला.

मावशीने लगेच उचलला. टेबलाशी बसलेली, समोर ताट, हातात घास. चेहऱ्यावर चांगली टवटवी.

पास्कलने फोन जवळ धरला. "आये... तू जेवतेस?"

"मग? माळ झाली, आता जेवू नको?" मावशीने घास तोंडात घातला आणि सावकाश चावला. "पण आज काय रे केलंस पास्कू? आज तुझा आवाज कसा शेजारी बसल्यासारखा येत होता! एकदाही थांबावं लागलं नाही. हेच मशीन ठेव हो, बदलू नकोस."